एकशे सत्तेचाळिसावा प्रश्न

९ जानेवारी, मंगळवार. उणे चौदा

ही वही डेअरीची आहे. निवृत्त होताना सगळ्यांना घड्याळ देतात. मी घड्याळ घेतलं आणि कपाटात पडून असलेल्या चार कोऱ्या नोंदवह्याही मागून घेतल्या. प्रत्येक पानावर तारीख, तापमान आणि शेरा असे रकाने छापलेले आहेत. तेहतीस वर्षं मी त्या रकान्यांत दुधाचं तापमान लिहिलं. आता बाहेरच्या हवेचं लिहीन आणि उरलेलं सगळं शेऱ्यात कोंबीन.

तर शेरा. आज सुट्टीनंतरचा पहिला वर्ग झाला, मार्चमधल्या रोबो-स्पर्धेच्या तयारीचा. शाळेच्या तळघरात, सुतारकामाच्या खोलीत, मंगळवारी आणि गुरुवारी चार ते सहा. मी काही शिक्षिका नाही, यंत्रं दुरुस्त करण्यात जन्म गेला माझा. पण मुलं मला बाई म्हणतात आणि मला ते आवडतं. हेल्दुरला हे सांगत नाही. चाळीस वर्षांचा संसार आहे, त्याला चिडवायला एवढंही पुरतं.

मुलं तीन. योसेप सोळा वर्षांचा, रोबो चालवतो आणि तोंडही चालवतो. ओत्त तेरा वर्षांचा, सदानकदा काहीतरी खात असतो, पण त्याच हातांनी तारा जोडताना इतका बारीक डाग देतो की मलाही जमणार नाही. आणि लीसेल, चौदा वर्षांची, आमची कप्तान. कप्तान अशासाठी, की अठ्ठ्याण्णव पानांची नियमपुस्तिका तिला पाठ आहे. योसेपने ती पहिल्या पानापुढे उघडलेली नाही. मीही नाही, पण ते त्यांना कशाला सांगा.

मार्चपर्यंत दर मंगळवारी चार वाजता स्पर्धेवाल्यांची नियम-दुरुस्ती येते. लीसेल ती उभं राहून वाचते आणि आम्ही चहा पितो. आज पहिली आली. चिकटपट्टी किती रुंद चालेल यावर त्यांनी अर्धं पान खर्च केलंय. योसेप म्हणाला, "यांना घरी कोणी बोलायला नाही का?" लीसेल म्हणाली, "कुणीतरी विचारलं असेल, म्हणून लिहिलं. कुठलाही संघ प्रश्न पाठवू शकतो. नाव छापत नाहीत." आणि पुढे वाचू लागली. तिला त्या रुक्ष कागदातही काहीतरी दिसतं. काय ते मला कळत नाही, पण ऐकायला बरं वाटतं.

११ जानेवारी, गुरुवार. उणे नऊ

यंदाचा खेळ लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वर्षी वाचताना गोंधळ नको. तीन मीटरचं चौकोनी मैदान, एका वेळी चार संघांचे चार रोबो, मधे मुठीएवढे लाकडी ओंडके पसरलेले. अडीच मिनिटांत जास्तीत जास्त ओंडके आपापल्या फळीवर न्यायचे.

बाकीचे सगळे चिमट्याने एकेक उचलत बसणार. आमची मुस्तिक चक्का बांधते. मुस्तिक हे रोबोचं नाव, गावातल्या निम्म्या गायींचं असतं तेच. तिच्या पोटातून चक्का गाळायचं कापड बाहेर पडतं, बहात्तर सेंटिमीटरचं, चारी कडा मी स्वतः शिवलेल्या. ते मैदानावर पसरतं, मुस्तिक पुढच्या पात्याने ओंडके त्यावर लोटते, मग दोऱ्या ओढून गाठोडं करते आणि चालायला लागते. डेअरीत तेहतीस वर्षं पाहिलेली गोष्ट, पण रोबोत आणायचं माझ्याच डोक्यात आलं. आज एका खेपेत अकरा ओंडके. ओत्त खायचं विसरला.

आयुष्यात मी एकच नवी गोष्ट काढली आहे आणि ती ही आहे. इथे लिहायला काय हरकत आहे.

१८ जानेवारी, गुरुवार. उणे सहा, बर्फ

सरावाला गर्दी हवी म्हणून गेल्या वर्षीचा जुना रोबो मैदानात सोडला. तो ओत्तच्या हातात होता. कापडाची कड त्याच्या चाकात गेली, दोन फेऱ्यांत सगळं कापड गुंडाळलं गेलं आणि आस कटकन मोडला. योसेप हसून लोळला. मीही हसले. ओत्तसुद्धा हसला, पण तो कशालाही हसतो.

लीसेल तो मोडका आस हातात घेऊन बसली होती. म्हणाली, "बाई, स्पर्धेत दुसऱ्या कुणाचं असं झालं तर?"

"नाही होणार."

"आणि झालं तर?"

"पुस्तिकेत लिहिलंय का, कापड चालणार नाही म्हणून?"

"नाही. पुस्तिकेत याबद्दल काहीच नाही."

"मग झालं तर. चल, कप धुऊन टाक, सहाची बस चुकेल तुझी."

हुशार पोर आहे, पण नसत्या काळज्या फार करते. आई फिनलंडला वृद्धाश्रमात कामाला, तीन आठवड्यांनी एकदा बोटीने येते. बाप बस चालवतो. घरात एकटी बसून विचार करत राहते, दुसरं काय.

२३ जानेवारी, मंगळवार. उणे सात

तिसरी दुरुस्ती. बॅटरीवर संघाचा क्रमांक कुठे लिहायचा ते. लीसेल आज संगणकापाशी बराच वेळ होती. "काय गं?" विचारलं तर म्हणाली, "काही नाही, वाचतेय." मुस्तिकच्या दोऱ्या बदलल्या. एका खेपेत तेरा.

३० जानेवारी, मंगळवार. उणे तीन

पेन इतकं दाबतेय की पान फाटतंय.

चौथी दुरुस्ती आली. लीसेलने वाचायला सुरुवात केली आणि मधेच तिचा आवाज बसला, तेव्हा उरलेलं योसेपने वाचलं. जसंच्या तसं उतरवते:

"प्रश्न क्रमांक १४७. रोबोला दोऱ्यांनी बांधलेलं कापड, अंदाजे बहात्तर सेंटिमीटर, कडा शिवलेल्या, मैदानावर पसरून ओंडके गोळा केले आणि ते कापड दुसऱ्या संघाच्या रोबोच्या चाकात गुंडाळून त्याचं नुकसान झालं, तर जबाबदारी कोणाची? उत्तर: प्रश्नाबद्दल आभार. हा मुद्दा आमच्याकडून राहून गेला होता. नियम ३१ मध्ये भर घालण्यात येत आहे. कापड, जाळी, दोरी किंवा चाकात गुंडाळली जाऊ शकेल अशी कोणतीही वस्तू मैदानावर पसरण्यास मनाई आहे."

मनाई. स्पर्धेला साडेपाच आठवडे राहिलेत.

बहात्तर सेंटिमीटर म्हणे, कडा शिवलेल्या म्हणे. अंदाजे कसलं, माप घेऊन गेलाय चोर. आणि चोर कोण ते मला पक्कं ठाऊक आहे. पाइदेचा तोनु. डेअरीत माझ्या हाताखाली सहा वर्षं होता, आता तिकडच्या शाळेत संघ चालवतो. नाताळाच्या आधी मोटर उसनी न्यायला आला होता तेव्हा कापड धुऊन तळघरातल्या गरम नळीवर वाळत घातलं होतं. दोन बोटांत धरून बघत होता. "छान शिवलंयस," म्हणाला. मी खुळी खूश झाले.

मुलांसमोर मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. चुगलखोर म्हणाले. स्वतःला काही सुचत नाही ते दुसऱ्याचं मोडायला बघतात, म्हणाले. असल्या माणसाच्या हातचं मी पाणी पिणार नाही, असंही म्हणाले. योसेप ओत्तकडे बघत राहिला आणि ओत्तने चक्क तोंडातला घास चावणं थांबवलं. बिचारी पोरं, हबकूनच गेली. लीसेल तर इतकी पांढरी पडली की मी तिला लवकर घरी जायला सांगितलं. तिला सगळ्यात जास्त लागलं असणार.

१ फेब्रुवारी, गुरुवार. उणे चार

तोनुला पत्र पाठवलं. सहा ओळींचं, पण प्रत्येक ओळ घासून धार लावलेली.

वर्गात कुणाचं मन लागेना. नवीन काय करायचं यावर बोलायचं ठरवलं होतं, पण मी परत १४७ वरच गेले. योसेप म्हणाला, "बाई, आता जाऊ द्या ना."

"जाऊ कसं देऊ? दीड महिन्याचं काम गेलं."

"गेलं ते गेलं. ज्याने विचारलं त्याचा काही वाईट हेतू असेलच असं नाही."

"तू अजून लहान आहेस, योसेप. हेतू नसताना कुणी माप लिहितं का?"

लीसेल पूर्ण वेळ नळापाशी होती. चार कप धुवायला तिला वीस मिनिटं लागली.

घरी हेल्दुरला तो प्रश्न वाचून दाखवला. तो चष्मा पुसत म्हणाला, "प्रश्न काही वाईट नाही, मायरे. दुसऱ्याच्या चाकाची काळजी केलीय त्यात. तोनु कधी दुसऱ्याच्या चाकाची काळजी करणारा वाटला नाही मला." हेल्दुरला माणसांतलं काही कळत नाही.

६ फेब्रुवारी, मंगळवार. उणे अकरा

लीसेल आली नाही. सर्दी असेल.

प्लायवुडची जीभ करायची ठरवली. पुढे लांब सपाट जीभ, ती ओंडक्यांखाली सरकवायची आणि वर उचलायची. एका खेपेत चार, फार तर पाच. ओत्तने कागदावर काढून दाखवली. बरी आहे. बरी, इतकंच.

तोनुचं उत्तर आलं: "मायरे, तुझं पत्र तीन वेळा वाचलं. मी कुठलाही प्रश्न पाठवलेला नाही. मी जे काही केलं नाही त्याबद्दल माफी कशी मागतात ते कळव, मागतो." असं सोज्वळ उत्तर फक्त दोषी माणूसच लिहितो.

१३ फेब्रुवारी, मंगळवार. उणे पाच, स्वच्छ ऊन

आज घसरगाडीचा सण. दुपारी सगळी शाळा टेकडीवर होती. ओत्त सायीचे चार बन खाऊन घसरायला बसला आणि पाचवा हातात होता. मीही एकदा घसरले. चौसष्टाव्या वर्षी. जितकी लांब घसराल तितका जवस उंच वाढतो म्हणतात. आमच्याकडे जवस नाही, पण लांब मात्र गेले.

लीसेल टेकडीवर नव्हती. वर्गालाही नव्हती. ही तिसरी खेप. योसेप म्हणतो, ती शाळेत येते, ठीक आहे, अभ्यास आहे म्हणते. सगळ्यांनाच अभ्यास आहे.

सहावी दुरुस्ती ओत्तने वाचली, तोंडात बन. अर्धी कळली नाही आणि अर्धी कुणी ऐकली नाही. चहा तसाच राहिला. मी लीसेलवर थोडी रागावलेय हे कबूल करते. पडत्या काळात कप्तानाने जहाज सोडायचं नसतं. पण खरं सांगायचं तर राग वरवरचा आहे. ती नसली की त्या खोलीत मला करमत नाही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार. उणे दोन

मुस्तिकची लांबी, रुंदी, वजन उद्यापर्यंत स्पर्धेच्या संकेतस्थळावर भरायचं होतं. ते नेहमी लीसेल करते. परवलीचा शब्द योसेपकडून घेतला आणि मी स्वतः बसले, पहिल्यांदाच. संघाचं नाव, गाव, प्रशिक्षकाचं नाव. त्याखाली एक ओळ होती: "आपण विचारलेले प्रश्न: १." मला वाटलं, आपण कधी काय विचारलं? म्हणून त्यावर टिचकी मारली.

क्रमांक १४७. पाठवल्याची तारीख तेवीस जानेवारी, दुपारी चार चाळीस.

सगळं खरं लिहायचं म्हणून ही वही आहे, तेव्हा हेही लिहिते. पहिली दहा-पंधरा मिनिटं मला नुसता संताप आला. माझी एकुलती एक कल्पना, आणि घरातल्याच पोरीने तिचा गळा दाबला. मग मला आठवलं की ती पोर नळापाशी उभी होती आणि मी तिच्या पाठीमागे बसून चुगलखोर म्हणत होते. एक दिवस नाही. मंगळवारी आणि पुन्हा गुरुवारी. मग संताप कुठे गेला कळलं नाही.

योसेपला विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"दोघांना?"

ओत्तने होकारार्थी मान हलवली.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या चिडला होतात," योसेप म्हणाला. "आणि ती म्हणाली, सांगू नका, बाईंना वाईट वाटेल."

घरी हेल्दुरला सांगितलं. तो म्हणाला, "हं." याचा अर्थ त्यालाही ठाऊक होतं. म्हणजे तळघरापासून घरापर्यंत सगळ्यांना कळलं होतं, एक मी सोडून.

१७ फेब्रुवारी, शनिवार. शून्य

सकाळच्या बसने लीसेलच्या घरी गेले. बस तिचा बाप उर्मासच चालवत होता. तिकीट फाडताना म्हणाला, "घरीच आहे ती, मायरेबाई. शेवटच्या थांब्यावर उतरा. तिथे मी तसाही चाळीस मिनिटं थांबतो."

म्हणजे माझ्याकडे चाळीस मिनिटं होती. त्यातली पाच मी दारापुढचं बर्फ बुटाने उकरण्यात घालवली.

तिने चहा केला, बिस्किटांचा नवा पुडा फोडला. स्वयंपाकघर नीटनेटकं, टेबलावर नियमपुस्तिका, तिच्यात कागदाच्या चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. संघ सोडलेली मुलगी अजून चिठ्ठ्या लावते.

मी म्हटलं, "मी फार वाईट बोलले."

"मला नाही बोललात. तोनूंना बोललात."

"ज्याने विचारलं त्याला बोलले."

"हो," ती म्हणाली. तिला खोटं बोलून समोरच्याचं मन राखता येत नाही. ते मला आजवर कधी इतकं लागलं नव्हतं.

मग तीच म्हणाली, "मला वाटलं, ते सांगतील कडेला वजन शिवा, किंवा दुसऱ्यांच्या बाजूला टाकू नका. बंदच करतील असं नव्हतं वाटलं. मला मोडायचं नव्हतं, बाई. मला ते कापड फार आवडायचं."

"मग आधी मला विचारायचंस ना, पोरी."

ती कपाचा कान बोटाने घासत राहिली. "विचारलं होतं."

तेव्हा मला आठवेना. आता घरी येऊन पानं उलटून पाहिलं. अठरा जानेवारी. माझ्याच अक्षरात आहे. दोनदा विचारलं होतं, आणि मी तिला कप धुवायला पाठवलं.

तिची माफी मागितली, सरळ शब्दांत. चुकले, म्हटलं, आणि तू नाहीस तर तळघरात मला करमत नाही. ती खाली बघत रडली, मीही थोडी रडले. उर्मासने दोनदा भोंगा वाजवला. मंगळवारी येते म्हणाली.

२० फेब्रुवारी, मंगळवार. अधिक एक

आली. ओत्तने स्वतःच्या खिशातला चक्क्याचा चॉकलेट लावलेला बार तिला अख्खा दिला. ओत्तच्या हिशेबात हे फारच झालं.

सातवी दुरुस्ती तिने वाचली. सगळं पूर्वीसारखं.

२२ फेब्रुवारी, गुरुवार. शून्य

पूर्वीसारखं नाही. दोन दिवस माझ्या लक्षात येत नव्हतं काय कमी आहे ते, आज आलं. ती काही विचारतच नाही. पूर्वी दर पाच मिनिटांनी बाई हे असं का, बाई ते तसं केलं तर. मला वैताग यायचा. आता जीभ इथे बसवू का तिथे, विचारलं की म्हणते, "तुम्ही म्हणाल तसं." काम चोख करते. हसते. पण "तुम्ही म्हणाल तसं."

मी म्हटलं, "अगं, तुला काय वाटतं?" तर म्हणाली, "ठीकच आहे."

माफी मागितली की झालं असं मला वाटलं होतं.

२४ फेब्रुवारी, शनिवार. उणे एक

स्वातंत्र्यदिन. हेल्दुरने पहाटे झेंडा लावला. काळ्या पावावर अंडं आणि खारवलेली मासळी, दरवर्षीसारखी.

तोनुला फोन केला. मला वाटलं चिडेल. तो इतका हसला की त्याला खोकला आला. मग म्हणाला, "मायरे, आम्ही जाळं लावलं होतं गं, मासे धरायचं. तुमच्या त्या प्रश्नाने आमचंही गेलं. मीही त्या विचारणाऱ्याला आठवडाभर शिव्या घातल्या. कोण होतं?"

मी म्हटलं, "माझी कप्तान."

"धीट आहे," तो म्हणाला. "अजून विचारते का असलं काही?"

मी विषय बदलला.

५ मार्च, मंगळवार. अधिक तीन, चिखल

शेवटची, नववी दुरुस्ती. "सुरुवातीच्या वेळी रोबोचा कोणताही भाग आरंभरेषेच्या पुढे असता कामा नये." लीसेलने एका सुरात वाचली आणि कागद ठेवला.

आता अडचण अशी. मुस्तिकची चाकं रेषेच्या मागे असतात, पण जीभ जमिनीपासून बोटभर वर, रेषेपलीकडे तीन बोटं पुढे असते. जमिनीला टेकत नाही. हवेतलं धरायचं की नाही, हे दुरुस्तीत लिहिलेलं नाही. जीभ आत घ्यायची तर ती सुरुवातीला उलगडायला चार सेकंद जातात. तेवढ्यापायी शेवटची एक खेप हुकू शकते.

योसेप म्हणाला, "हवेतलं कोण बघतंय?"

मी लीसेलकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं, जिभेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

मी विचारलं, "काय गं?"

"काही नाही. तुम्ही म्हणाल तसं."

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "राहू दे मग तशीच." कापड गेलं, आता जीभ तरी राहू दे, असं मनात आलं. मला लाज वाटतेय, पण आलं. घरी येताना बर्फ वितळून सगळीकडे पाणी झालं होतं आणि मी तिचं ते मिटलेलं तोंडच बघत चालले होते.

९ मार्च, शनिवार. अधिक दोन

आधी निकाल लिहून टाकते. तार्तूला अडतीस संघ होते. पहिले सोळा अंतिम फेरीत जातात. आम्ही एकोणिसावे. तोनुचे बारावे. उर्मासने आम्हाला स्वतःच्या गाडीतून नेलं-आणलं, ओत्तला जाताना दोनदा आणि येताना एकदा उलटी झाली. मुस्तिक पाच फेऱ्या न अडखळता चालली. योसेप शेवटी रडला आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणाला.

आता सकाळचं.

साडेनऊला कप्तानांची बैठक होती. मैदानाच्या कडेला अडतीस मुलंमुली गोल करून उभी, मधे मुख्य पंच, उंच, पांढरे केस, गळ्यात शिट्टी. आम्ही प्रशिक्षक वरच्या बाकांवर. तोनु शेजारी बसून घरचा डबा खात होता. पंचबाईंनी सगळं समजावून सांगितलं आणि म्हणाल्या, "काही शंका असेल तर आत्ता. नंतर माझ्याकडे रडत यायचं नाही."

कुणाचा हात वर गेला नाही.

लीसेलच्या हातात पुस्तिका होती आणि एका पानात बोट. कुठलं पान ते वरून दिसत नव्हतं, पण मला ठाऊक होतं. तिने मान वर करून मला शोधलं. बघितलं माझ्याकडे. आणि हळूच ते बोट पानातून काढून घेतलं.

चौदा वर्षांची पोर माझ्यासाठी गप्प बसत होती. तिला गप्प बसायला मीच शिकवलं होतं. मला ते बघवेना.

मी उभी राहिले आणि हात वर केला.

पंचबाई म्हणाल्या, "वरच्या बाई, प्रश्न फक्त कप्तानांनी विचारायचे. पान चार. बसा खाली."

सगळे हसले. तोनु घास चावत म्हणाला, "मायरे, ती पुस्तिका एकदा वाच तरी." मी बसले. पण हात वरच राहिला. मुद्दाम नाही, खाली घ्यायचं सुचलंच नाही. तशीच हात वर करून लीसेलकडे बघत बसले, शाळेतल्या मुलीसारखी.

लीसेलने ओठ चावले. ती हसू दाबत होती. मग तिचा हात वर गेला, थोडा, मग पूर्ण.

"बोल."

"आरंभरेषेच्या पुढचा भाग जमिनीला टेकत नसेल, हवेत असेल, तरी तो धरायचा का?"

तिचा आवाज वरपर्यंत ऐकू आला. मधे कुठे बसला नाही.

पंचबाई म्हणाल्या, "धरायचा. रेषा जमिनीवर असो नाहीतर हवेत, ती रेषाच. बरं झालं विचारलंस. सगळ्यांनी आपापले रोबो तपासून घ्या."

खाली एकदम पळापळ झाली. आम्ही एकटेच नव्हतो. सात-आठ संघांनी नटबोल्टचे पाने काढले, कुणी चिमटे मागे वाकवायला लागलं, कुणी कानस घेतली. योसेपने मुस्तिकला उचललं, जीभ आत दुमडली आणि वर माझ्याकडे बघून दोन्ही हात पसरले. मी मान डोलावली. लीसेल त्याच्याशी काहीतरी वाद घालत होती, बोट नाचवून. तो हो-नाही करत होता आणि ती परत विचारत होती.

माझ्या पुढच्या बाकावर एक प्रशिक्षक होता, गळ्यात चार ओळखपत्रं. तो वैतागून म्हणाला, "कोणाची ही चोंबडी पोरगी?"

"माझी," मी म्हटलं.